रानघोडा दत्तक देण्याआधी

मार्च २०२५ मध्ये कोलोरॅडोतील एका संघीय न्यायालयाने अमेरिकी सरकारची एक योजना रद्द केली. पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींवरून पकडलेला, माणसाचा हात न लागलेला रानघोडा किंवा रानगाढव जो दत्तक घेईल, त्याला सरकार एक हजार डॉलर रोख देत असे. निकाल मुख्यतः प्रक्रियेतील त्रुटींवर आधारलेला होता. त्यानंतरची चर्चा मात्र लगेच दोन ठरलेल्या खंदकांत जाऊन बसली. घोडे मोकळेच राहावेत असे मानणाऱ्यांनी 'दत्तक देणे म्हणजेच कत्तलखान्याची वाट' असा निष्कर्ष काढला आणि घोडे माणसाळवणाऱ्या प्रशिक्षकांनाही त्याच आरोपात ओढले. दुसऱ्या बाजूने, एखाद्या बुजऱ्या मुस्टँगने, म्हणजे अमेरिकी रानघोड्याने, पहिल्यांदा माणसाच्या तळहाताला नाक लावल्याची चित्रफीत पुढे करून 'प्रेमाने सारे काही साधते' असे सांगणे सुरू झाले. रोख बक्षीस, दत्तकविधान आणि माणसाळवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान दोन्हीकडे दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सौम्य पद्धतीने घोडा माणसाळवल्याने रानघोड्यांच्या संख्येचा प्रश्न सुटणार नाही, आणि तो सुटावा अशी अपेक्षाही त्या कामाकडून करू नये. परंतु जो घोडा आपण पकडून कुंपणाआड आणला आहे, त्याला अनोळखी माणसाच्या हाती सोपवण्यापूर्वी माणसाळवणे हे त्याच्याप्रती असलेले किमान देणे आहे. ते चुकवून रोख रकमेच्या बळावर घोडे खपवणे ही खरी चूक होती. घोडा देण्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा देण्याजोगा घोडा तयार करण्यासाठी पैसे मोजावेत, आणि त्या तयारीचे माप प्रेक्षकांच्या टाळ्यांवरून न ठरवता घोड्याच्या पुढील आयुष्यावरून ठरवावे.

हा पेच उभा कसा राहिला, हे पाहिल्याशिवाय यातले काहीच नीट कळणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या पश्चिमेत रानघोडे विमानांनी आणि ट्रकांनी पिटाळून पकडले जात, आणि त्यांचे मांस कोंबड्यांच्या व कुत्र्यांच्या खाद्यात जाई. नेवाडातील वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी १९५० मध्ये घोड्यांनी भरलेल्या एका ट्रकमधून रक्त ठिबकताना पाहिले आणि पुढची सारी हयात या प्रश्नाला वाहिली. त्यांच्या खटपटीमुळे १९५९ मध्ये वाहने व विमाने वापरून रानघोड्यांची शिकार करण्यावर बंदी आली. पुढे शाळकरी मुलांनी अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पत्रांनी भंडावून सोडले आणि १९७१ मध्ये रानघोडे व रानगाढवे यांना संरक्षण देणारा कायदा एकमताने मंजूर झाला. त्या वेळी रानात सुमारे पंचवीस हजार प्राणी असावेत, असा अंदाज होता. संरक्षण मिळाले, शिकारी श्वापदांचा दाब बहुतेक ठिकाणी नगण्य होता, आणि कळप वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढू लागले. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. १९७६ मध्ये घोडे पिटाळून पकडण्यासाठी हेलिकॉप्टर वापरण्याची मुभा सरकारी खात्याला परत मिळाली. २०२० मध्ये रानातील संख्या पंचाण्णव हजारांच्या घरात पोहोचली होती. ज्या खात्याकडे ही जबाबदारी आहे, त्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या मते जमीन पंचवीस ते सत्तावीस हजार प्राण्यांनाच पेलते. याच जमिनींवर खासगी मालकांची गुरे याहून कितीतरी मोठ्या संख्येने आणि नाममात्र शुल्कावर चरतात. तेव्हा 'जमिनीला पेलते' हा आकडा निव्वळ शास्त्राने ठरवलेला नसून त्यात राजकारणही आहे, हे घोडाप्रेमींचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु गुरे उद्या सगळी हलवली, तरी दर चार-पाच वर्षांनी दुप्पट होणारा कळप नेवाडाच्या कोरड्या खोऱ्यात किती काळ पोसला जाईल? पाणवठा आटल्यावर तिथे जे मरण येते, ते मोकळे असले तरी सुखाचे नसते.

रानातून काढलेले साठ हजारांहून अधिक घोडे आणि गाढवे आज सरकारी कोंडवाड्यांत व भाड्याच्या कुरणांत आहेत. त्यांच्या वैरणपाण्यावर आणि देखरेखीवर वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च होतो, म्हणजे या कार्यक्रमाच्या एकूण तरतुदीचा मोठा हिस्सा. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. कोंडवाड्यातील घोड्यामागे दिवसाला पाच डॉलरच्या आसपास खर्च धरला, तर एका तरुण घोड्याला मरेपर्यंत तिथे सांभाळायला चाळीस हजार डॉलरच्या वर लागतात. खर्चाचे सोडा, कोंडवाडा सुरक्षित तरी असतो का? २०२२ च्या वसंतात कोलोरॅडोतील कॅन्यन सिटी येथील कोंडवाड्यात श्वसनाच्या साथीने शंभरहून अधिक घोडे दगावले. दाटीवाटीने ठेवलेल्या आणि पिटाळणीच्या ताणातून आलेल्या जनावरांत साथ कशी पसरते, हे कुठल्याही पशुपालकाला सांगावे लागत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. तो हिशोबाचा आहे. विक्री धरूनही अलीकडे वर्षाला आठ हजारांच्या आसपास प्राण्यांना घर मिळाले, तर रानात वर्षाला त्याहून जास्त शिंगरे जन्माला येतात. एक प्रशिक्षक वर्षभरात किती घोडे माणसाळवील? नीट काम करणारा असेल, तर थोडेच. मग हे समुद्र ओंजळीने उपसणे नाही का? आहेच, आणि मला ते नाकारण्याची गरज वाटत नाही. संख्येवरचा उपाय रानातच, जन्माच्या टोकाला करावा लागतो. मेरिलँडच्या किनाऱ्यालगतच्या असाटीग बेटावर राष्ट्रीय उद्यान विभाग १९९४ पासून घोड्यांच्या माद्यांना गर्भरोधक लस टोचू लागला. लस बंदुकीच्या बाणाने दुरून देता येते, माद्यांना पकडावे लागत नाही, आणि तिथला कळप हळूहळू आटोक्यात आला. बेट लहान आहे, तिथली प्रत्येक मादी ओळखू येते, आणि नेवाडातील लाखो एकरांवर हे इतके सोपे नाही, हे खरे. तरीही राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१३ च्या अहवालात गर्भरोधनावरच भर दिला होता. शिवाय घोडे सतत काढून घेतल्याने उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि वाढीचा वेग चढाच राहतो, हेही तिने दाखवून दिले होते. त्यानंतरही लसीवरचा खर्च कोंडवाड्यांच्या खर्चापुढे किरकोळच राहिला. पण या हिशोबातून 'माणसाळवणे व्यर्थ आहे' असा निष्कर्ष निघतो का? अनाथालयांमुळे अनाथांची संख्या घटत नाही म्हणून तिथल्या मुलांना शिकवू नये, असे आपण म्हणत नाही. जन्म रोखण्याचे काम लसीचे आहे. जो जन्मला, पकडला गेला आणि आता कुंपणाआड उभा आहे, त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर लस देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. माणसाळवलेल्या घोड्यांची साजरी चित्रे हेलिकॉप्टरच्या पिटाळणीवर पांघरूण घालतात, लोकांची बोच कमी करतात, आणि खात्याला पुढच्या पिटाळणीसाठी नैतिक मोकळीक मिळते, असे विरोधक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. खात्याच्या प्रसिद्धीत घोड्याच्या पाठीवर हसणारे मूल दिसते, पिटाळणीत पाय मोडलेले शिंगरू दिसत नाही. परंतु पांघरूण काढून टाकल्याने खालचे वास्तव बदलते, हे गृहीत तपासून पाहावे लागेल. ऑस्ट्रेलियात जंगली घोड्यांना घर देण्याची व्यवस्था तुटपुंजी आहे. तिथे २००० साली गाय फॉक्स रिव्हर राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टरमधून सहाशेहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले गेले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की न्यू साउथ वेल्स या राज्यात ही पद्धत दोन दशकांहून अधिक काळ बंद राहिली. त्या काळात कोशियस्को उद्यानातील घोडे वाढत गेले, आणि २०२३ मध्ये आकाशातून गोळीबार पुन्हा सुरू झाला. ज्या राजवटीला घोडे कमी करायचेच आहेत, ती दत्तक देण्याची सोय नसली म्हणून थांबत नाही. ती दुसरे साधन हाती घेते. न्यूझीलंडमधील कायमानावा कळपाची कथा याहून बोधक आहे. तिथे कळप सुमारे तीनशेवर राखायचा, हे ठरलेले आहे. घोडे गोळा करण्याआधी ते घ्यायला किती घरे तयार आहेत, याची जुळवाजुळव स्वयंसेवी संस्था करतात, आणि घर न मिळालेले घोडे कत्तलखान्यात जातात. हे सत्य तिथे कुणी लपवत नाही. म्हणूनच घोडा घेणाऱ्याला आपण काय करतो आहोत, हे नीट ठाऊक असते.

तिसरा आक्षेप माणसाळवण्याच्या पद्धतीवरच आहे, आणि या वादात तो सर्वांत कमी ऐकू येतो. 'सौम्य' हे विशेषण कोणी लावायचे, माणसाने की घोड्याने? १८५८ च्या सुमारास ओहायोचा अश्वशिक्षक जॉन रेरी इंग्लंडला गेला. त्याने व्हिक्टोरिया राणीपुढे घोडे शांत करून दाखवले आणि क्रूझर नावाच्या माणसांवर धावून जाणाऱ्या घोड्यालाही वठणीवर आणले. चाबूक आणि मारहाण यांच्या जमान्यात त्याची ख्याती दयाळू शिक्षक म्हणून पसरली, आणि तुलनेने ती रास्तही होती. पण त्याच्या पद्धतीत घोड्याचा पुढचा एक पाय मुडपून पट्ट्याने बांधला जाई. तीन पायांवर धडपडून तो थकला की त्याला आडवा पाडत आणि मग कुरवाळत. प्रेक्षकांना कुरवाळणे दिसे. आज पशुवर्तनाचे अभ्यासक त्या शांतपणात विश्वासापेक्षा हतबलता पाहतील, कारण सुटकेचा मार्ग उरला नाही की घोडा प्रतिकार सोडून देतो आणि बाहेरून तो अगदी आज्ञाधारक दिसतो. गोल कुंपणात घोड्याला दमेपर्यंत पळवून 'तो स्वतःहून माझ्याकडे आला' असे सांगणारे आजचे काही प्रयोग याच वंशावळीतले आहेत. त्यामुळे विरोधकांची शंका मी बाजूला सारत नाही. मात्र तिचे उत्तर माणसाळवणे थांबवण्यात नसून ते नीट करण्यात आहे. नीट करणे म्हणजे काय, हेही काही गूढ नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवले आहे की शिंगराला भूक, तहान आणि माशांचा जाच एकटेपणाशी जोडलेला वाटावा आणि खाणे, पिणे व सुटका माणसाशी.

रानघोड्याच्या बाबतीत हे काम अतिशय संथ असते, आणि संथ असणे हाच त्याचा गाभा आहे. घोडा मुळात भक्ष्याच्या जातीचा प्राणी. समोरून सरळ चालत येणारा, दोन्ही डोळे त्याच्यावर रोखणारा माणूस त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो. म्हणून जाणता प्रशिक्षक आधी कुंपणाशी नुसता उभा राहतो, तिरका चालतो, घोड्याने कान वळवला किंवा एक पाऊल टाकले की स्वतः मागे सरतो. दाब देणे आणि योग्य क्षणी तो सोडणे, या दोन गोष्टींवर बहुतेक शिक्षण चालते. सोडण्याचा क्षण चुकला, तर घोडा नेमके उलटे शिकतो. पहिला स्पर्श अनेकदा लांब बांबूच्या टोकाने खांद्यावर होतो, कारण हात तिथवर पोहोचण्याइतकी जवळीक अजून नसते. गंमत म्हणजे गाजर किंवा दाणे दाखवून काम भागेल, ही आपली समजूतही इथे सुरुवातीला चालत नाही. रानात वाढलेल्या अनेक घोड्यांना ते खाद्य आहे हेच ठाऊक नसते. मग मोरखी चढते, दोर धरून चालणे येते, चारही पाय उचलू देणे येते, आणि ट्रेलरमध्ये चढणे-उतरणे येते. अमेरिकेतील प्रशिक्षक-प्रोत्साहन कार्यक्रमात घोडा देण्याआधी नेमक्या याच चार गोष्टींची अपेक्षा धरली जाई. स्वारीची अट नव्हती, आणि ते योग्यच होते.

या चार गोष्टी वरवर किरकोळ वाटतात, पण घोड्याचे जगणे-मरणे यांवरच ठरते. जो घोडा मोरखी घालू देत नाही, त्याला पशुवैद्य तपासू शकत नाही. जो पाय उचलत नाही, त्याचे खूर नालबंदाला कापता येत नाहीत. ते वाढत जातात आणि घोडा लंगडा होतो. जो ट्रेलरमध्ये चढत नाही, त्याला वणवा लागला तरी हलवता येत नाही. कायद्याप्रमाणे दत्तक दिल्यानंतरचे पहिले वर्ष घोडा सरकारच्याच मालकीचा असतो. वर्ष संपल्यावर त्याची निगा नीट राखल्याचा दाखला दिला की मालकी बदलते आणि संघीय संरक्षण तिथेच संपते. पुढे त्याला कोणत्याही लिलावात उभे करता येते. लिलावात दोन प्रकारचे खरेदीदार येतात. एकाला काम करणारा घोडा हवा असतो, दुसऱ्याला वजन हवे असते. अमेरिकेतील घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण मेक्सिको आणि कॅनडाकडे जाणारे ट्रक बंद झाले नाहीत. वर्षभर मागच्या अंगणात सहा फूट उंच कुंपणाआड नुसता उभा राहिलेला, कुणालाही जवळ येऊ न देणारा सात वर्षांचा घोडा पहिल्या प्रकारचा खरेदीदार घेत नाही. त्याला उरते ती फक्त मांसाची किंमत. घोडा माणसाळवणे म्हणजे व्यवहाराच्या भाषेत त्याला मांसापलीकडची किंमत मिळवून देणे होय. ज्यांना ही भाषा रुक्ष वाटते, त्यांनी लिलावाच्या दिवशी घोड्याच्या बाजूने दुसरे काय उभे राहते, ते सांगावे.

म्हणूनच २०१९ मध्ये सुरू झालेली एक हजार डॉलरची योजना मला मुळातच उफराटी वाटते. तिने पैसे घोड्याच्या तयारीत न घालता घोडा नेणाऱ्याच्या खिशात घातले, आणि तेही माणूस न पाहिलेल्या घोड्यांसाठी. दत्तकाचे शुल्क किरकोळ, बक्षीस एक हजार, अर्धे सुरुवातीला आणि अर्धे मालकी हाती आल्यावर. एका माणसाला वर्षाला चार प्राणी घेण्याची मुभा. कुटुंबातील चौघांच्या नावे सोळा घोडे उतरवायचे, त्यांना वर्षभर कसेबसे तगवायचे, मालकी मिळताच लिलावात पाठवायचे आणि बक्षीस व विक्री अशा दोन्ही रकमा खिशात घालायच्या, हा हिशोब करायला फार हुशारी लागत नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दत्तक दिलेले घोडे कत्तलीच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचत असल्याचे उघड केले. त्यानंतर नियम थोडे आवळले गेले, पण योजनेची दिशा बदलली नाही. खरे तर घोड्यामागे रोख मोजणाऱ्या राज्यसत्तेला हा धडा आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे. सरदार कागदावर जास्त घोडे दाखवतात, पाहणीला एकच घोडा दोनदा आणतात किंवा चांगल्याऐवजी मरतुकडे तट्टू उभे करतात, हे ध्यानात आल्यावर अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत सुरू केली. शेरशाहने ती पुन्हा आणली आणि अकबराने मनसबदारीत रुजवली. अमेरिकी रानघोड्याच्या मानेवरही द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केलेल्या ठशाने उमटवलेली पांढरी खूण असतेच. परंतु डागाला अर्थ असतो तो वारंवार होणाऱ्या पाहणीमुळे. पाहणी सैल झाली, की मुघल फौज असो वा वॉशिंग्टनचे खाते, कागदी घोडे नाचू लागतात.

यावर 'प्रशिक्षण महाग आहे' असे उत्तर येईल. आहे. पण कशाच्या तुलनेत? आयुष्यभराच्या कोंडवाड्याचा चाळीस हजारांचा आकडा वर आला आहेच. त्याच्या शेजारी चांगल्या प्रशिक्षकाची काही महिन्यांची मजुरी ठेवून पाहावी. कोलोरॅडोतील कॅन्यन सिटी येथे १९८६ पासून, आणि पुढे वायोमिंग, नेवाडा, ॲरिझोना इथेही, तुरुंगातील कैदी रानघोडे माणसाळवू लागले. त्यांच्या हातचे कित्येक घोडे सीमा गस्तीदलात कामाला गेले. रोज एकाच माणसाने, ठरल्या वेळी, घाई न करता येणे ही या कामाची पहिली गरज, आणि तुरुंगात वेळ मुबलक असतो. याउलट मला खटकतात त्या शंभर दिवसांच्या स्पर्धा. रानातून आलेला घोडा शंभर दिवसांत भरल्या रिंगणात, संगीताच्या गजरात, स्वाराला पाठीवर घेऊन उड्या मारतो तेव्हा लोकांना मुस्टँगची गुणवत्ता पटते आणि मागणी वाढते, हे मान्य. पण घोड्यांचे वेळापत्रक सारखे नसते. चाळीस दिवसांत तयार होणारा घोडा असतो, तसा दोनशे दिवसांनीही पाठीमागून आलेल्या माणसाला लाथ घालणारा असतो. तारीख आधी ठरली आणि घोडा मागून आला, की रेरीचा पट्टा कुठल्या ना कुठल्या रूपात परत येतो. शिवाय कसलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली चमकणारा घोडा घरी नेल्यावर नवशिक्या मालकाला तोच घोडा वेगळा वाटतो, कारण तो एका माणसावर विश्वास ठेवायला शिकलेला असतो, माणसांवर नाही. तयारीची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती त्या घोड्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या हाती मोरखी देऊन घ्यावी.

मी सुचवतो ती व्यवस्था अशी. दत्तक जाणारा प्रौढ घोडा चार मूलभूत गोष्टी शिकल्याशिवाय सामान्य अर्जदाराला देऊ नये. न शिकलेला घोडा फक्त अनुभव सिद्ध केलेल्यांनाच मिळावा. बक्षिसाचा पैसा प्रशिक्षकांकडे आणि पहिल्या वर्षातील पाहणीकडे वळवावा. केवळ मालकानेच आणलेल्या दाखल्यावर विसंबून न राहता मधल्या काळात न कळवता दोन-तीनदा जाऊन खूर, अंगावरचे मांस आणि मोरखी चढते का, हे पाहावे. घोडा जमत नसेल, तर तो परत देण्याची वाट सोपी आणि लाज न वाटणारी असावी. अशाने वर्षाला दिल्या जाणाऱ्या घोड्यांचा आकडा खाली येईल, हे उघड आहे, आणि खात्याला नेमके तेच नको असते, कारण संसदेपुढे आकडाच मांडायचा असतो. परंतु दिलेले आठ हजार आणि टिकलेले आठ हजार यांत फरक आहे, आणि दुसरा आकडा आज कुणी मांडत नाही.

एक गोष्ट मात्र घोडे माणसाळवणाऱ्यांनीही मान्य करायला हवी. प्रत्येक घोडा या वाटेने जाऊ नये. दहा-बारा वर्षे कळपात काढलेली, अनेक शिंगरे वाढवलेली मादी किंवा कळप सांभाळलेला प्रौढ नर यांना माणसाच्या दारात उभे करण्यासाठी जो ताण द्यावा लागतो, तो त्यांच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने अवाजवी ठरू शकतो. काही घोडे महिनोन्‌महिने चांगल्या हाताखाली राहूनही कुंपणाच्या लांबच्या कोपऱ्यातच उभे राहतात. त्यांच्यासाठी ओक्लाहोमा आणि कॅन्ससमधील भाड्याची मोठी कुरणे आहेत. तिथे नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या जातात आणि खर्चही कोंडवाड्याच्या निम्म्याहून कमी येतो. तीन वेळा दत्तकासाठी मांडूनही कुणी न घेतलेल्या किंवा दहा वर्षांवरील घोड्यांना २००४ च्या दुरुस्तीने विक्रीच्या खुल्या यादीत टाकले, आणि त्यांची कत्तल होऊ नये म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पी कायद्यात एक वाक्य घालावे लागते. ते वाक्य एखाद्या वर्षी गळले, तर सर्वांत आधी जातील ते हेच म्हातारे, न माणसाळलेले घोडे. त्यांना कुरणाचा हक्क मूळ कायद्यातच लिहून द्यावा, या मागणीवर घोडे मोकळे ठेवू पाहणाऱ्यांनी आणि ते माणसाळवणाऱ्यांनी आजवर एकत्र येऊन जोर लावलेला नाही.